आधी फरशीखाली पाहा



घराची भिंत कलली तर ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. कौल फुटले तर पहिल्याच पावसात ते डोक्यावर थेंब टाकून आपली तक्रार सांगते. पण पायाखालची जमीन आतून पोखरली, तर ती कुणाला काही सांगत नाही. वरची फरशी पुसली की चकचकीत दिसते. पाहुणे येतात, बसतात, चहा पिऊन जातात. आणि खाली काय चालले आहे, याचा घरच्या माणसांनाही पत्ता नसतो. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात, ते फरशीइतके कशालाच लागू पडत नाही.

आमचे गाव कृष्णाकाठी आहे. पूर आम्हाला नवा नाही. पण ऑगस्ट २०१९ मधला पूर जुन्या माणसांच्याही हिशेबात बसला नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नागपंचमीच्या सुमारास पाणी आमच्या सोप्यात शिरले आणि नऊ दिवस हलले नाही. आम्ही जनावरांसह उंचावरच्या शाळेत होतो. परत आलो तेव्हा भिंतीवर छातीइतकी रेघ आणि घरात वीतभर गाळ. तो गाळ काढायला, भांडी उकळत्या पाण्यातून काढायला आणि कुजलेले धान्य बाहेर टाकायला पंधरा दिवस गेले. फरशी धुतली तेव्हा ती जशीच्या तशी होती. शहाबादीच ती. कर्नाटकातल्या शहाबादेकडचा चुनखडीचा दगड, पाण्याने त्याला काय होणार? एक तरी वस्तू वाचली, असे म्हणून आम्ही समाधान मानले.

पुरानंतर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हितली फरशी हलतीया गं." सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याजवळची ती त्यांची नेहमीची जागा. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. काठी टेकली की फरशीचा एक कोपरा खाली जायचा आणि दुसरा वर यायचा. एकदा त्यांचा तोल गेला तो मी हात दिला म्हणून सावरला. वाचकहो, ऐंशीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर पुढे काय होते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी घरात पाहिले असेल. तेव्हापासून मी त्या फरशीकडे फरशी म्हणून पाहिलेच नाही.

मग एकेक खुणा दिसू लागल्या. ज्वारीची कोठी भिंतीकडे बोटभर कलली होती. दोन फरश्यांच्या सांध्यातून मुंग्या मातीचे कण वर आणून टाकत होत्या. मोरीकडच्या भिंतीला खाली दीडदोन फुटांपर्यंत पांढरा लोणा फुटला होता. आणि अनवाणी चालताना काही फरश्यांवर पाऊल पडले की आवाज निराळा यायचा.

त्याच वेळी घरात दुसरी गडबड सुरू होती. मुलीचे लग्न ठरत आले होते. सुपारी फुटायची ती आमच्याच घरी. थोरल्याच्या मनात होते की पाहुणे यायच्या आत सगळ्या घराला नव्या चकचकीत फरश्या बसवाव्यात. दुकानदाराने सांगितले होते, "जुनं काढायचं कशाला? शहाबादीवरच नवी टाइल चिकटवून देतो, चार दिवसांत काम." हे अगदी खोटे होते असे नाही. खालचे सगळे घट्ट असेल तर जुन्या फरशीवर नवी चिकटवता येते. खालचे घट्ट आहे का, हा प्रश्न मात्र कुणी विचारलाच नव्हता. आणि पैसा किती? पुराच्या पाण्यात ऊस शेंड्यापर्यंत बुडून कुजला होता. सरकारी मदत आणि उरलेल्या उसाचे बिल मिळून जे होते, त्यात सगळ्या घराच्या नव्या फरश्या तरी होणार होत्या, नाही तर दोन खोल्यांची खालची दुरुस्ती तरी. दोन्ही होणार नव्हते.

मी म्हटले, आधी मिस्त्रींना दाखवू. गावातले हे जुने गवंडी. दगडकामात त्यांची हयात गेली. ते आले आणि काही न बोलता हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकू लागले. घट्ट फरशीचा आवाज आखूड आणि भरीव येतो. पोकळ फरशी रिकाम्या मडक्यासारखी बोलते. जिथे पोकळ आवाज आला तिथे त्यांनी खडूने फुली मारली. दोन्ही खोल्या ठोकून झाल्या तेव्हा निम्म्याहून अधिक फरश्यांवर फुल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "वैनी, दगुड चांगला हाय. त्येच्या खालचं पाणी घिऊन गेलंय."

उंबऱ्याजवळची एक फरशी पहारीने उचलली. खाली घमेले उलटे मावेल एवढी पोकळी. तिच्यात उंदराचे बीळ, आणि बाजूची माती बोटाने दाबली तर लोण्यासारखी मऊ. पुराला अडीच महिने होऊन गेले होते, तरी खाली ओल होती. त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपताही पाऊस हटत नव्हता, तेही कारण होतेच.

असे का झाले, ते मिस्त्रींनी समजावून सांगितले, आणि मला वाटते प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ते कळले पाहिजे. आमचे घर मालकांच्या आजोबांनी बांधले. जोत्याच्या चार भिंतींच्या आत भराव घातला तो शेतातल्या काळ्या मातीचा. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. त्या काळी मुरमाची एक गाडी आणायची तर बैलांना दोन कोस चालवावे लागे, आणि काळी माती दारातच होती. पण काळ्या मातीचा गुण आपल्याला शेतात ठाऊक आहे. पाणी प्याली की ती फुगते, आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच घरात फरशीखाली होते. पुरात माती फुगली आणि तिने फरशी उचलली. पाणी ओसरल्यावर ती आकसून खाली बसली, फरशी मात्र कडांच्या आधारावर तशीच राहिली. मध्ये पोकळी पडली. त्यातून ओसरणाऱ्या पाण्याने जोत्याच्या दगडांच्या दर्जांमधून बारीक माती बाहेर वाहून नेली. आजोबांनी चुन्यात भरलेल्या त्या दर्जा इतक्या वर्षांत झिजल्या होत्याच.

लोण्याचेही तसेच. मातीत क्षार असतात. ओल दिव्याच्या वातीसारखी भिंतीतून वर चढते, वर येऊन वाळते आणि क्षार मागे ठेवून जाते. तो पांढरा थर आम्ही बायका ओल्या फडक्याने पुसतो. मिस्त्री म्हणाले, पुसू नका, पाण्याबरोबर तो परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि ती धूळ घराबाहेर टाका. आणि ओली भिंत तैलरंगाने झाकू नका. रंग फुगून निघेल आणि ओल तेवढी आत कोंडेल.

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात बैठक बसली. ही गोष्ट लिहावी की लिहू नये, असे मनात आले होते. पण कुठल्या घरात असे होत नाही? थोरला म्हणाला, "खालच्या मातीत पैसे घालून कुणाला दिसणार आहेत? पाहुणे फरशी बघणार, मुरूम नाही." धाकटे भाऊजी दोन वर्षांपूर्वीच उंचावर वस्तीला राहायला गेले होते. त्यांचे म्हणणे, "या घरात आता रुपयाही घालू नका वहिनी. पुन्हा पूर आला तर?" त्यांचे बोलणे मला तोडता आले नाही. नदीकाठच्या घरात पैसा घालणे म्हणजे नदीशी बोली करणे, आणि नदी कधी शब्द देत नाही. पण उंचावर जागा घेऊन घर बांधायचे तर लग्न लांबणीवर टाकावे लागले असते, आणि आत्तींनी स्पष्ट सांगितले होते की त्या या घरातून कुठे जाणार नाहीत. मालक बराच वेळ गप्प होते. मी एवढेच म्हटले, "राहायचं की जायचं, ते दहा वर्षांनी ठरवू. पण जोवर राहतोय तोवर आत्तींचा पाय कुठे पडतो ते मला ठाऊक असायला पाहिजे."

शेवट बोलली ती मुलगी. म्हणाली, "माझ्या सुपारीला जाजम अंथरा. आजीची जागा आधी नीट करा." मग कुणी बोलले नाही. थोरला दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पहार घेऊन तोच पहिल्यांदा उभा राहिला.

आता काम कसे केले ते सांगते. कुणाला उपयोगी पडले तर बरेच.

पहिली गोष्ट, फरश्या न फोडता काढल्या. कोपऱ्यातून सुरुवात करून, सांधे छिन्नीने मोकळे करून, एकेक फरशी उचलली आणि पाठीवर खडूने आकडा घातला. जुनी शहाबादी जाड असते, ती टाकून देण्यासारखी वस्तू नव्हे. पुढे तीच आम्ही पुन्हा वापरली.

दुसरी गोष्ट, काळी माती काढली. सगळीच्या सगळी काढायला मिस्त्रींनी नको म्हटले. खोलीच्या मध्ये दीड फूट खणले, पण भिंतीजवळ उतार ठेवून कमी खणले. जुन्या घरांचा पाया फार खोल नसतो. भिंतीच्या मुळाशी पायापेक्षा खोल खड्डा केला तर फरशी दुरुस्त करायला जाऊन भिंतच अंगावर यायची. म्हणून भिंतीकडची बाजू एकदम उघडी केली नाही, तुकड्यातुकड्याने केली. ज्यांच्या भिंतीला मोठी भेग असेल त्यांनी तर आधी भिंतीचे पाहावे आणि मग फरशीला हात लावावा. निघालेली काळी माती वाया गेली नाही. ती गाड्या भरून रानात गेली.

तिसरी गोष्ट म्हणजे वाट पाहणे. हे काम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कठीण. मार्गशीर्षातली थंडी आणि कोरडी हवा होती. दारे-खिडक्या उघड्या टाकून तीन आठवडे खड्डे तसेच ठेवले. एवढ्या दिवसांत आम्ही फळ्यांवरून ये-जा केली. शेजारणी विचारायच्या, "अजून किती दिवस?" मी म्हणायची, माती सांगेल तेव्हा.

त्याच काळात बाहेरून जोत्याच्या दर्जा खरवडून नव्याने भरल्या. उंदरांची बिळे दगडाचे तुकडे आणि सिमेंटने बुजवली. पन्हळीचे पाणी जोत्याच्या मुळाशीच पडत होते, ते पाइप लावून दूर सोडले. मोरीचा नळ उघडून पाहिला तर खापरी नळाचा सांधा फुटलेला. म्हणजे पूर आला नसता तरी मोरीचे पाणी रोज थोडे थोडे स्वयंपाकघराखाली मुरतच होते. वाचकहो, तुमचे गाव नदीपासून दहा कोसांवर असले तरी ही गोष्ट तुम्हाला लागू आहे. मोरीत दोन बादल्या पाणी एकदम ओता आणि बाहेर गटारात जाऊन पाहा. जेवढे ओतले तेवढे बाहेर यायला हवे. कमी येत असेल तर उरलेले तुमच्या फरशीखाली जात आहे.

चौथी गोष्ट, भराव. वाळवीचे औषध मारून झाल्यावर मुरूम घातला. हे औषध विषारी असते. ते जाणत्याच्या हातून मारून घ्यावे, आणि त्या दिवशी लेकरे आणि जनावरे लांब ठेवावीत. मुरूम एकदम ओतला नाही. सहा-सहा इंचांचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचे आणि धुमसाने ठोकायचा. पाणीही बेताचे हवे. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. कमी पाण्यात मुरूम बसत नाही, जास्त पाण्यात चिखल होतो. धुमस उसळी मारून परत येऊ लागला की थर बसला असे समजायचे. हिशेब करायचा तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सहा इंचांचा बसलेला थर म्हणजे ६० घनफूट. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून सैल मुरूम पाऊण ब्रास धरावा. शंभर घनफुटांचा एक ब्रास. गाडीवाल्याशी बोलताना हा हिशेब हाताशी असला म्हणजे फसगत होत नाही.

मुरमावर दगडाचे सोलिंग. दगड आडवे पसरायचे नाहीत. ते उभे, एकमेकांना खेटून रचायचे आणि फटींत बारीक कपच्या ठोकून बसवायच्या. आमच्या मिस्त्रींनी त्याला दीड दिवस घेतला. थोरला म्हणाला, "हे तर झाकलंच जाणार." मिस्त्री म्हणाले, "झाकलं जातं त्येच नीट करायचं आस्तं, बाळासायब. उघडं ऱ्हातं ते कुनीबी करतंय."

सोलिंगच्या फटी मुरमाने भरून वरून सारखे केले, म्हणजे दगडाचे टोक वर राहिले नाही. मग त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, शेततळ्याच्या कागदाच्या जातीचा. दोन कागद जोडताना हातभर एकावर एक घेतले आणि कडा भिंतीला थोड्या वर वळवल्या. खालची ओल वरच्या थरात चढू नये म्हणून हे करायचे. भिंतीतली ओल मात्र याने थांबत नाही. तिच्यासाठी बाहेरचे पाणीच दूर न्यावे लागते.

मग काँक्रीट. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, आठ भाग खडी, आणि थर तीन इंच. दहा बाय बाराच्या खोलीला सिमेंटची साधारण तीन पोती लागतात. पाणी जास्त घालून मसाला पातळ करायचा मोह कामगारांना होतो, कारण तो पसरायला सोपा जातो. पण तेवढे काँक्रीट कच्चे राहते. उंची पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या कोपऱ्यांत बघितली आणि मोरीच्या बाजूला दहा फुटांत इंचभर उतार ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस वर पाणी ठेवून ते पिकवले. हे पाणी घालायचे काम माझे आणि मुलीचे. संक्रांतीच्या आधी दोन्ही खोल्यांचा तळ तयार झाला.

माघात सुपारीचे पाहुणे आले. घरात फरशी नव्हती. करड्या काँक्रीटवर जाजमे अंथरली होती. मुलाकडची मंडळी काय म्हणतील याची धाकधूक मला नव्हती असे मी म्हणणार नाही. जेवणाआधी मुलाचे वडील जाजमाची कड उचलून खाली बघू लागले तेव्हा माझा श्वास अडकला. त्यांनी टाचेने दोनदा ठोकले आणि मालकांना विचारले, "खाली काय घातलंय?" मालकांनी सांगितले. ते म्हणाले, "आमच्याकडंबी पानी हुतं. आमची पोकळ वाजतीया. तुमचा मिस्त्री आमाला द्या की जरा." आणि लग्नाची बोलणी राहिली बाजूला, अर्धा तास दोघे व्याही मुरूम आणि धुमसावर बोलत बसले.

नवी फरशी चैत्रात घालायची असे ठरले होते. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळे जिथल्या तिथे थांबले. लग्न जूनमध्ये झाले, पन्नास माणसांत, त्याच करड्या जमिनीवर. मुलगी सासरी गेली तेव्हाही वर फरशी नव्हती. लग्नाचा खर्च कमी झाला. त्यातून उरलेल्या पैशात दिवाळीला सोप्यात नवी फरशी घातली, आणि स्वयंपाकघरात आजोबांची जुनी शहाबादी कडा घासून पुन्हा बसवली. दहा महिन्यांत काँक्रीट हाडासारखे वाळले होते. एवढे थांबायला सगळ्यांना जमणार नाही, हे मला कळते. पण फरशी घालण्याआधी एक परीक्षा कुणालाही करता येते. हात-दोन हात लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला दव दिसले किंवा जमीन काळसर पडली असेल तर थांबा. जमीन अजून पाणी सोडते आहे. गोंदाने चिकटवायची फरशी, प्लॅस्टिकची चटई किंवा लाकडी जमीन करायची असेल तर ही परीक्षा चुकवूच नका. ओल कोंडली की वरचे सगळे सुटते.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. घरात गुडघाभर पाणी चार दिवस होते. ओसरल्यावर मी पहिले काम काय केले असेल? हातोडीचा दांडा घेतला आणि सगळ्या फरश्या ठोकल्या. एका कोपऱ्यात दोन फरश्या पोकळ वाजल्या. मिस्त्रींनी त्या अर्ध्या दिवसात बसवून दिल्या. बाकी सगळे भरीव होते. फरशीखालच्या मुरमाने पूर अडत नाही, हे उघड आहे. गाळ पुन्हा काढावा लागला, भिंतीला पुन्हा लोणा आला, आणि राहायचे की जायचे हा भाऊजींचा प्रश्न आजही आमच्या घरात जेवताना निघतो. पण या खेपेला पाणी गेल्यावर घर आठ दिवसांत राहण्यासारखे झाले.

त्याच पावसात, २२ जुलैला, चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. माझी धाकटी बहीण तिथे असते. तिचा फोन आला, "ताई, मीही सगळं खणू का?" मी म्हटले, आधी ठोकून बघ. तिकडे जांभ्या दगडाची आणि तांबड्या मातीची जमीन. ती काळीसारखी फुगत-आकसत नाही. तिच्याकडे एकच फरशी पोकळ निघाली. तिची अडचण निराळी होती. कोकणातली हवा ऑक्टोबरपर्यंत कोरडी होत नाही, त्यामुळे ओल हटत नव्हती. तिला खणावे लागले नाही, फक्त थांबावे लागले. आणि तिच्या माडीची लाकडी जमीन कौलातल्या गळतीने भिजली होती. तिथे तिने दाभण घेऊन तुळईची भिंतीत शिरणारी टोके टोचून पाहिली. लाकूड धड असेल तर दाभण आत जात नाही. कुजले असेल तर पेरूत सुरी जावी तसे जाते. एका तुळईचे टोक कुजले होते. सुताराने खाली टेकू देऊन ती बदलली आणि मगच वर फळ्या ठोकल्या. तात्पर्य, जमीन मातीची असो की लाकडाची, आधी खालच्याचे दुखणे ओळखायचे. दुसऱ्याच्या घरचा इलाज डोळे मिटून आपल्या घरी करायचा नाही.

माझ्या माहेरी शेणाने सारवलेली भुई होती. दर आठवड्याला आई सारवायला बसे. कुठे भेग पडली, कुठे उंदराने उकरले, कुठे ओल आली, हे तिच्या तळहाताला कळत असे. ती तेव्हाच गोळाभर माती लावून बुजवी. पक्की फरशी आली आणि बायकांच्या कंबरेला आराम मिळाला, हे चांगलेच झाले. मला कुणी पुन्हा सारवायला सांगितले तर मी हात जोडीन. पण सारवताना होणारी ती पाहणी मात्र आपण सोडून दिली. फरशी पुसतो, पण तिला विचारत नाही.

म्हणून एवढेच सुचवते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीची झाडलोट काढाल तेव्हा, लाकडी दांडा घेऊन घरातली फरशी ठोकत चला. उंबऱ्याजवळ, मोरीजवळ, धान्याच्या कोठीखाली आणि म्हातारी माणसे बसतात त्या जागी आधी. जिथे पोकळ वाजेल तिथे फुली मारा. एकदोन फुल्या असतील तर गवंड्याच्या अर्ध्या दिवसाचे काम आहे. पुष्कळ असतील तर नव्या फरशीचा पैसा थोडे दिवस तसाच ठेवा आणि आधी खाली काय आहे ते उघडून पाहा.

आमच्या आत्ती अजून त्याच उंबऱ्याजवळ बसतात. त्यांची काठी आता टेकते तिथे ठक्क वाजते. स्वयंपाकघरात भाकरी थापताना तो आवाज मला ऐकू येतो, आणि त्या कुठवर आल्या ते मान न वळवता कळते.